बाळाच्या वरच्या ओठाखालची पट्टी कापावी का? आणि ओठात नेमकं असते तरी काय?

पळसफूल
नमस्कार मंडळी. माझ्या लहान बहिणीचं बाळ सव्वा महिन्याचं आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे, घाटंजीकडच्या खेड्यात. बाळ अंगावर पिताना चपचप आवाज करते, मधेच सोडते, रडते, पुन्हा धरते. बहिणीला चिरा पडून राहिल्या. बाळाच्या वरच्या ओठावर मधोमध पांढरट फोड आहे. ओठ उचलून पाहिला तर आतून हिरडीपर्यंत एक जाड पट्टी गेलेली दिसते. शहरात एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर ते म्हणाले हा लिप टाय आहे, लेझरनं कापून टाकू, पाच मिनिटाचं काम, सात हजार. जावई तयार आहेत. आई म्हणते काही कापाकापी नको, सगळ्याच लेकरायले असते.

माझा प्रश्न असा की ही पट्टी म्हणजे स्नायू आहे का? कापल्यावर ओठ नीट हलेल ना? आणि नाही कापलं तर पुढं बोलण्याला, दाताला त्रास होतो का? नेटवर वाचून वाचून डोकं फिरलं. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
सात हजारात पाच मिनिटं म्हणजे मिनिटाचे चौदाशे. आमच्या कापसाले असा भाव कधी भेटन 😀

तिरोड्याची_सून
पळसफूल, घाबरू नका जी. माझ्या दोन्ही पोरांना होती ती पट्टी. मोठ्याची तर लयच जाड होती. चालायला लागला तेव्हा ओट्यावर आपटला आणि ती आपोआपच फाटली, रक्त असं आलं का माझे हातपाय गार. स्वच्छ फडकं ओठावरून दाबून धरलं, थोड्या वेळात थांबलं, टाका नाही काही नाही. आता आठवीत आहे, बोलतो एवढा का थांबवा लागते.

दंतकथा
मी दातांचा डॉक्टर, अमरावती जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी मूळ प्रश्न: ती पट्टी स्नायू नाही. ती तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराची घडी आहे, आत थोडे तंतू. ओठ हलवण्याचं काम तिच्याकडे नाहीच, त्यामुळे ती कापली तरी ओठ लुळा पडत नाही. पण म्हणून कापावी असा अर्थ होत नाही, त्यावर खाली येतो.

वरचा ओठ बाहेरून आत असा पाहा. पहिले कातडी, तिच्याखाली चरबीचा पातळ थर, मग स्नायू, त्याच्या मागे ओठाची रक्तवाहिनी, मग ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक लाळग्रंथी (ओठाच्या आतून जीभ फिरवा, गुठळ्या लागतात त्याच), आणि शेवटी आतलं अस्तर. लाल भागाची कातडी अगदी पातळ, तिथं केस नाहीत, घाम नाही, खालच्या केशवाहिन्या वरून दिसतात म्हणून रंग लाल. बाळाला ऑक्सिजन कमी पडला की निळेपणा ओठावर पटकन दिसतो तोही याच्यामुळंच.

आता मुख्य स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस ओरिस. पुस्तकातल्या चित्रात तोंडाभोवती गोल रबर लावल्यासारखा काढतात, तसा तो नाही. चार भागांचा मिळून होतो आणि त्याचे बरेच तंतू हाडाला नाही तर कातडीला आणि एकमेकाला चिकटलेले असतात. वरच्या ओठात मधोमध डावीकडचे तंतू उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे, आपल्याकडं बाजेची सुतळी विणतात तसे. पलीकडं जाऊन ते कातडीत शिरतात, तिथं दोन उभ्या कडा तयार होतात, आणि दोन कडांच्या मधली खाच म्हणजे नाकाखालची ती पन्हाळ. तोंडाच्या कोपऱ्यात गालाचे, हसण्याचे, ओठ उचलण्याचे असे बरेच स्नायू एका गाठीत येऊन मिळतात. गालावर कोपऱ्याच्या थोडं बाहेर चिमटीत धरून पाहा, ती गाठ हाताला लागते. ओठ वर उचलणारे स्नायू डोळ्याखालून आणि नाकाच्या बाजूनं उतरतात.

हलवणारी नस सातवी, फेशियल. स्पर्श कळवणारी पाचवी, तिची फांदी डोळ्याखालच्या हाडातल्या छिद्रातून येते. आम्ही वरच्या पुढच्या दातांना सुई देतो तेव्हा ओठ बधिर होतो तो तिच्यामुळं.

कापूसकोंड्या
वा डॉक्टरसाहेब. बाजेचं समजलं. मी आरशासमोर उभा राहून ती गाठ शोधून राहिलो, बायको म्हणते सुपारी-तंबाखूचा खर्रा कमी खाय म्हणजे सापडन.

दंतकथा
वहिनींचं बरोबर आहे. खर्रा खाणाऱ्याच्या अस्तराखालचे तंतू कडक होतात, हळूहळू तोंड उघडणंच कमी होते. रोज असे पेशंट पाहतो. पण तो वेगळा धागा, तुम्हीच काढा.

सिस्टर_मेळघाट
मी नर्स आहे, धारणी भागात बरीच वर्षं काम केलं, आता दुसऱ्या तालुक्यात आहे. पळसफूलताई, तुम्ही पट्टीचं सगळं लिहिलं पण एक लिहिलं नाही. बाळाचं वजन किती वाढलं? जन्माचं आणि आत्ताचं दोन्ही सांगा. दिवसातून लघवी किती वेळा होते तेही सांगा.

जन्मल्यावर पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरते, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत परत जन्माच्या वजनावर यायला पाहिजे, पुढं दिवसाला २० ते ३० ग्रॅमनं वाढावं. लंगोट सहाच्या वर ओले होत असतील तर दूध जाऊन राहिलं. हे नीट असेल तर पट्टी कशीही दिसो.

आणि तो पांढरा फोड म्हणजे चोखण्याचा फोड. वरच्या ओठाच्या मधोमध, पिणाऱ्या बाळाला येतो, वाळतो, साल निघते, पुन्हा येतो. फोडू नका, त्याला तूप-बिप काही लावू नका, त्याला औषध लागत नाही.

पैनगंगा_काठ
+१ सिस्टर. आमच्याकडे त्या फोडावर मध लावायला सांगितला होता बुढीनं.

सिस्टर_मेळघाट
मध एक वर्षापर्यंत बिलकुल नाही. ना ओठावर, ना घुटीत, ना बोटानं चाटवायला. मधातल्या जंतूच्या बीजामुळं बाळाला बॉटुलिझम होऊ शकते, अंग ढिलं पडते, चोखणं बंद होते. हे मी प्रत्येक बाळंतिणीच्या सासूला सांगते आणि प्रत्येक सासू म्हणते आम्ही नाही का वाढवले.

मोर्शीची_संत्री
मी जरा वेगळं मत मांडते. माझ्या मुलीचं वरच्या ओठाचं आणि जिभेचं दोन्ही कापलं होतं नागपूरला आणि आम्हाला फरक पडला. त्याच आठवड्यात दुखणं कमी झालं. त्यामुळं सगळे डॉक्टर लुटायलाच बसलेत असं सरसकट नको. एक मिनिटाचा चौदाशे वगैरे विनोद ठीक आहे पण ज्या बाईला चिरा पडून रक्त येते तिला विचारा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई माफ करजा, चिडवायले नव्हतं लिहिलं.

दंतकथा
मोर्शीताई, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण दोन्ही एकदम कापलं तर फरक कशानं पडला ते सांगता येत नाही. जीभ खाली खरंच आखडलेली असेल तर तिथं कापल्यानं आईचं दुखणं कमी होते. कारण दूध ओढण्याचं काम जीभ आणि खालचा जबडा करतात. जीभ आणि जबडा खाली गेला की तोंडात पोकळी होऊन दूध येते. ओठाचं काम फक्त कडेनं हवा आत येऊ न देणं. गालातल्या चरबीच्या गाद्या बाळाला मोठ्या असतात त्या गाल आत ओढू देत नाहीत. म्हणून चपचप आवाज आला तर पहिले धरण्याची पद्धत पाहायची, मग जीभ, आणि ओठ शेवटी.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १०० नवजात बाळांचे ओठ उचलून पाहिले, २०१७ साली ते छापून आलं. शंभरच्या शंभर बाळांना ही पट्टी होती आणि बहुतेकांची हिरडीच्या कडेपर्यंत आलेली होती. म्हणजे पळसफूलच्या आईचं म्हणणं संशोधनात आधीच छापलेलं आहे. त्याच फोटोंवरून जाणकारांना पट्टीची प्रतवारी करायला लावली तर एकमेकांशी जुळेना. ज्याची प्रतवारीच जुळत नाही ते नुसतं दिसण्यावरून कापायचं हे मला पटत नाही. माझ्याकडं लेझर आहे, तरी सांगतो.

तिरोड्याची_सून
आणि दाताच्या फटीचं? लहान्याला समोर फट आहे.

दंतकथा
दुधाच्या दातांत फटी असणं चांगलंच, पक्के दात मोठे असतात त्यांना जागा लागते. पक्के समोरचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात तेव्हाही फट दिसते, बाजूचे सुळे अकरा-बाराव्या वर्षी उतरले की बऱ्याच मुलांची आपोआप मिटते. जबडा खाली वाढतो तशी पट्टीही वर सरकल्यासारखी होते. सुळे आल्यावरही फट राहिली तर तेव्हा तारा आणि पट्टी दोन्हीचा विचार करू. महिन्याच्या बाळात नाही.

झेंडूबाम
अवांतर: आमच्या आजीनं माझ्या मुलाचा वरचा ओठ रोज आंघोळीला चिमटीत धरून दाबला, पातळ व्हावा म्हणून, आणि नाक ओढलं चाफेकळी व्हावं म्हणून. नाक माझ्या बाजूवर गेलं आहे म्हणजे बटाटावडा. याचा काही उपयोग असतो का?

सिस्टर_मेळघाट
उपयोग शून्य. ओठ जाड-पातळ आईबापाकडून येतो. वरून दाबलं तर लेकराला दुखते आणि ओठ सुजला तर पिताना कुरकूर करते. त्याहून वाईट म्हणजे नाकात तेलाचे थेंब टाकणं. एवढं लहान बाळ नाकानंच श्वास घेते, तेल छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. मालिश अंगाला करा, छान असते, तोंड सोडा.

आणखी एक सांगते, बोंडल्यानं किंवा चमच्यानं दूध-घुटी जबरदस्तीनं देताना ती ओठाखालची पट्टी फाटते. न चालणाऱ्या, न पडणाऱ्या बाळाची पट्टी फाटलेली दिसली की आम्ही पहिले हेच विचारतो, घरात कोण कसं पाजते.

पैनगंगा_काठ
डॉक्टर एक प्रश्न. माझ्या पुतणीचं बाळ रडलं की खालचा ओठ एका बाजूला ओढला जाते, शांत असताना एकदम सरळ. हे ओठाच्या स्नायूचंच आहे का? घरात लकव्याची चर्चा सुरू आहे, एकानं तर मंतरलेला दोरा बांधला.

दंतकथा
डोळा दोन्हीकडं नीट मिटत असेल आणि कपाळ दोन्हीकडं आठ्या घालत असेल तर पूर्ण नसेचा लकवा नसावा. बऱ्याच वेळा एका बाजूचा ओठाचा कोपरा खाली ओढणारा छोटा स्नायू जन्मतः कमी वाढलेला असतो, त्यामुळं रडताना ती बाजू खाली जात नाही आणि दुसरी ओढल्यासारखी दिसते. बिघाड ज्या बाजूला ओढल्यासारखं दिसते तिथं नसून पलीकडं असतो. पण बालरोगतज्ज्ञाला दाखवाच, कारण अशा काही बाळांना हृदयाचाही दोष असतो, ते तपासून घेतात. चिमटा लावून बाळंतपण झालं असेल तर तेही सांगा. लहान बाळाला कानामागचं हाड वाढलेलं नसते, सातवी नस तिथं कातडीखालीच असते, ती दबू शकते. अशी दबलेली नस बहुतेक वेळा आठवड्यांत सुधारते. दोरा सोडा, हातात बांधला असेल तर निदान ढिला तरी करा.

काळी_माती
मी इथं पहिल्यांदा लिहितो. धागा पट्टीचा आहे पण ओठाचाच म्हणून विचारतो. माझ्या भावाला मुलगी झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये, वरचा ओठ डावीकडं नाकापर्यंत फाटलेला. टाळू चांगली होती. ऑपरेशन झालं, आता छान आहे. पण वहिनीले आजही ऐकून घ्या लागते, २५ ऑक्टोबर २०२२ चं दिवाळीतलं ग्रहण तिनं पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली म्हणून. आता दुसऱ्यांदा दिवस आहेत तर घरात रोज पंचांग निघते. ग्रहणाचा खरंच काही संबंध असते का? मले भावाशी भांडायले काही आधार पाहिजे.

नास्तिक_बंडू
आला ग्रहणवाला. धाग्याचं आता पानिपत.

दंतकथा
बंडूभाऊ थांबा, हा प्रश्न या धाग्याचाच आहे. काळी_माती, तुम्हाला आधार तारखेतच मिळतो. वरचा ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो. दोन बाजूंनी गालाकडचे उंचवटे पुढं येतात, मधून नाकाकडचा भाग खाली येतो, आणि ते जुळतात. एका बाजूला जुळलं नाही तर ओठ फाटलेला राहतो. मुलगी फेब्रुवारीत झाली म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी वहिनींना सहावा महिना होता. ओठ त्याच्या तीन महिने आधीच जसा व्हायचा तसा होऊन बसला होता. विळी काय आणि ग्रहण काय. आणि ते खंडग्रास ग्रहण बहुतेक भारतात मावळतीला दिसलं, तेव्हा गर्भार बायका काय कमी होत्या का.

तुमच्या पुतणीचा डावीकडं फाटलेला होता ना, डावीकडंच जास्त आढळते. मघाची बाज आठवा: फाटलेल्या ओठात ते तंतू पलीकडं जाऊच शकत नाहीत. मग ते कडेकडेनं वर चढतात, बाहेरचे नाकपुडीच्या बुडाशी चिकटतात आणि आतले नाकाच्या मधल्या खांबाशी. म्हणून बाळ रडलं की फाटीच्या बाजूला फुगवटा येतो आणि नाकपुडी पसरते. ऑपरेशनमध्ये सर्जन हे चुकीच्या जागी चिकटलेले स्नायू सोडवतो, आडवे करतो आणि एकमेकाला शिवतो. नुसती कातडी शिवली तर फोटोत छान दिसते पण शीळ वाजवली, हसलं की खड्डा दिसतो.

काळी_माती
सहावा महिना! हे आमच्या घरात कोणाच्याच डोक्यात नाही आलं. आज रात्रीच सांगतो भावाले.

भक्तीची_वाट
नास्तिक लोकांना फक्त आमच्या प्रथा दिसतात. चार तास बसून राहिलं तर काय बिघडते? वडीलधाऱ्यांचं मन राहते.

सिस्टर_मेळघाट
ताई, बसून राहायला माझी ना नाही. पण मी पाहिलं आहे, आठव्या महिन्याची पोरगी, हिमोग्लोबिन ७, आणि तिला दिवसभर पाण्याचा घोट नाही. आणि काही झालं की दोष फक्त तिचा. नवरा तोंडात तंबाखू धरून सांगते का हिनं ग्रहण पाळलं नाही.

खरी कारणं बरीच असतात: घराण्यात असणं, जवळच्या नात्यातलं लग्न, गरोदरपणी बाईच्या शरीरात जाणारा धूर-दारू, फिटच्या काही गोळ्या, आधीपासूनची साखर. पुष्कळ वेळा एक कारण सापडतच नाही. फिटच्या गोळ्या मनानं बंद करू नका, दिवस राहण्याआधीच डॉक्टरशी बोलून बदलून घ्या. काळी_माती, वहिनीला फॉलिक अॅसिडची गोळी सुरू आहे ना? मेंदू-मणक्यासाठी ती पक्की, ओठासाठी पुरावा तेवढा ठाम नाही, पण द्यायचीच. आईबाप धडधाकट आणि एक लेकरू असं असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता १०० मध्ये ३ ते ५. म्हणजे ९५ च्या वर चांगलंच. हे भावाला पंचांगाच्या शेजारी लिहून ठेवायला सांगा.

भक्तीची_वाट
उपाशी ठेवू नये हे मान्य. बाकी माझं मत माझ्याजवळ.

चंदनखोड
माझ्या बहिणीच्या गावात मागच्या आठवड्यात असंच बाळ झालं, ओठ आणि टाळू दोन्ही. घरचे लोक बाहेर दाखवून नाही राहिले. काय करावं?

सिस्टर_मेळघाट
पहिलं काम दूध. टाळू फाटलेली असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही, कारण तोंडात पोकळीच होत नाही. आईचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा पळीनं, बाळाला बसतं धरून, थोडं थोडं. नाकातून दूध येईल, घाबरू नका, मधे ढेकर काढा. नुसता ओठ असेल तर बरीच बाळं अंगावरही पितात, आईच्या स्तनानं ती फट बुजते.

दुसरं, आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात फाटलेला ओठ-टाळू येते. जिल्हा रुग्णालयात पाठवतात आणि ऑपरेशन मोफत होते. स्माइल ट्रेनसारख्या संस्थेच्या मदतीनंही बऱ्याच दवाखान्यात मोफत होते.

तिसरं, आत्ता ऑपरेशन नाही. जुना अंदाज दहाचा आहे: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. टाळूचं नंतर, साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, बोलणं नीट यावं म्हणून. तोवर वजन वाढवणं हेच औषध. तुम्ही स्वतः त्या घरी जा आणि हा प्रतिसाद वाचून दाखवा.

चंदनखोड
उद्याच जाते.

पळसफूल
सगळ्यांचे आभार, मधे दोन दिवस नेटच नव्हतं. वजनाचं सांगते. जन्माचं २.७, आता ३.६. लघवी दिवसाला आठ-नऊ वेळा. सिस्टर, तुमचं वाचून बहिणीला घेऊन उपकेंद्रात गेलो, तिथल्या सिस्टरनी पिताना पाहिलं. बाळाची मान वाकडी आणि तोंडात फक्त बोंडशी. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायला सांगितलं, नाक बोंडशीसमोर, तोंड मोठं उघडलं की खालून आत घालायचं, हनुवटी टेकली पाहिजे आणि खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे. मी मुद्दाम विचारलं वरचा ओठ बाहेर वळत नाही त्याचं काय, तर म्हणाल्या नुसता टेकला तरी चालते. जिभेखाली बोट फिरवून पाहिलं, तिथं आखडलेलं नाही. आवाज अजून येतो कधीकधी पण कमी. चिरा सुकून राहिल्या.

जावई मात्र अजून म्हणतात कापूनच टाकू, पुढं कटकट नको.

दंतकथा
जावयांना म्हणा सव्वा महिन्यात ९०० ग्रॅम वाढवणाऱ्या ओठाला हात लावायचा नाही. बाराव्या वर्षी घेऊन या, फट राहिली तर माझ्याकडून तपासणी फुकट.

कापूसकोंड्या
डॉक्टर, माझी तपासणी फुकट कराल का? आरशात पाहिलं तं तोंडात दोनच बोटं जाऊन राहिली.

दंतकथा
तुम्ही बाराव्या वर्षाची वाट पाहू नका. सोमवारीच या, आणि पुडी घरी ठेवून या.